इंजिनाचा द्वारपाल

बोरघाटात रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून वाफ सोडीत उभी असलेली मोटार पाहिली नाही, असा आमच्या पिढीचा प्रवासी विरळाच. अशा तापलेल्या गाडीवर मिस्त्रीचा एक ठरलेला उपाय असे. तो थर्मोस्टॅट काढून टाकी. ‘आपला मुलूख उष्ण, येथे त्याचे काय काम?’ हा त्याचा सवाल आम्हांलाही एके काळी पटला होता. पण या लहानशा यंत्राचा इतिहास निराळेच सांगतो.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे इंजिन पाण्याची वाफ करूनच थंड राही. १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था मानहाइमहून फोर्झहाइमला त्यांच्या गाडीतून गेल्या, तेव्हा वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. पुढे विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर मर्सिडीज गाडीस बसविला. त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या, आणि सुमारे नऊ लिटर पाण्यात काम भागू लागले.

तापण्याचा प्रश्न असा आटोक्यात आला, तेव्हा उलटा प्रश्न पुढे आला. इंजिन वाजवीपेक्षा थंड राहिले तर पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरवरील तेल धुऊन जाते आणि झीज वाढते. म्हणून कॅडिलॅकने १९१४ च्या आपल्या आठ सिलिंडरांच्या गाडीत पाण्याच्या उष्णतेवर थर्मोस्टॅटचा पहारा ठेवला. अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० नंतरच्या दशकात मेणाचा थर्मोस्टॅट सिद्ध केला. पितळी कुपीतील मेण ठरावीक उष्णतेस, पुष्कळ गाड्यांत ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास, वितळून फुगते, दांडा ढकलते आणि झडप उघडते. निवाले की स्प्रिंग ती मिटते.

आता मिस्त्रीच्या सवालाचे उत्तर देता येईल. बाहेर ऊन चाळीस अंशांचे असले, तरी इंजिनाला हवे असतात ऐंशीहून अधिक. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना आडवाट बंद करते. ती काढली की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेनेच फिरते आणि गाडी उलट अधिक तापते!

तेव्हा द्वारपाल बिघडला तर हाकलू नये, त्याच अंशांचा नवा नेमावा. इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडावे. मेणाची कुपी इंजिनाकडे यावी, गॅस्केट नवे असावे. हवा निघून जाण्याचे लहान छिद्र असल्यास ते वर ठेवावे. शीतकद्रव्य भरताना अडकलेली हवा काढावी. त्याच वेळी रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरचे झाकण तपासावे. हे झाकण दाब धरून पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरावर नेते; ते सैल झाले तर नवा थर्मोस्टॅट तरी काय करणार?

घाटात उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांत दोष पुष्कळदा रेडिएटरचा, पट्ट्याचा वा झाकणाचा असे. शिक्षा मात्र द्वारपालाला होई. आम्ही स्वतः ती एकदा दिली आहे, म्हणूनच हे सांगण्याचा अधिकार घेतो.