मुलाचा ताबा, फ्लॅटचा ताबा

बिल्डर चावी हातात देऊन कागदावर सही घेतो, त्याला आपण ताबा म्हणतो. फौज शत्रूच्या ठाण्याचा ताबा घेते. पोलीस आरोपीला ताब्यात घेतात. आणि नवरा-बायको वेगळे झाले की बातमी येते, 'मुलाचा ताबा आईकडे'. घर, ठाणं, आरोपी आणि सहा वर्षांचं मूल, सगळ्यांना मराठीत एकच शब्द. मला तो बरेच दिवस खटकत होता. मग या विषयाचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की शब्द अगदी प्रामाणिक आहे. कायद्याच्या लेखी मूल बराच काळ खरोखरच ताब्यात ठेवायची वस्तू होतं आणि त्या वस्तूचा मालक होता बाप.

हा इतिहास मी हौसेने वाचलेला नाही. गेल्या वर्षी माझी आतेबहीण घटस्फोटाच्या वाटेला लागली. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. ताईबरोबर मी पुण्यातल्या एका वकीलबाईंकडे तीन-चारदा गेलो. ताई बोलायची, मी फोनवर टिपणं काढायचो. वकीलबाईंच्या सूचना छोट्या आणि ठाम असायच्या : हे करा, हे करू नका. कारण सांगायला त्यांच्याकडे वेळ नसे, बाहेर पुढची माणसं बसलेली असत. मी सॉफ्टवेअरवाला. जुन्या सिस्टिममध्ये विचित्र वाटणारी ओळ दिसली, की ती खोडण्याआधी आम्ही शोधतो, की कधी काय फुटलं होतं म्हणून ती घातली गेली. वकीलबाईंच्या सूचनांचं मी तेच केलं.

“मुलीला गुपचूप दुसऱ्या गावी नेऊ नका”

ही पहिली सूचना. आणि लगेच पुढे, “त्यांनी नेलं, तर त्याच दिवशी मला फोन करा.”

कॅरोलिन नॉर्टन ही लंडनमधली लेखिका. तिचा नवरा जॉर्ज पेशाने वकील, आणि मारहाण करणारा. १८३६ मध्ये त्याने तिन्ही मुलगे तिच्यापासून तोडून नेले. थोरला सात वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षी त्याने तेव्हाचे पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर आपल्या बायकोशी संबंध ठेवल्याचा दावा लावला. ज्युरीने तो फेटाळला. पण दावा खोटा ठरला म्हणून मुलं परत मिळाली नाहीत. इंग्लंडच्या कायद्यात मुलं बापाची होती. आईला ती सांभाळण्याचा सोडा, भेटण्याचाही हक्क नव्हता.

कॅरोलिनने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली, आणि १८३९ मध्ये संसदेने कायदा केला : सात वर्षांखालच्या मुलांसाठी आई कोर्टाकडे ताबा मागू शकेल आणि त्याहून मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी मागू शकेल. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला मात्र हा कायदा लागू नव्हता. बापाच्या मालकीला कायद्याने पाडलेली ही पहिली मोठी फट. आणि जिने ती पाडली तिलाच त्याचा फायदा झाला नाही. जॉर्जने मुलं स्कॉटलंडमध्ये ठेवली होती. तिथे हा कायदा चालत नव्हता. १८४२ मध्ये धाकटा विल्यम तट्टावरून पडला, जखम चिघळली आणि तो गेला. आई पोचली तेव्हा उशीर झाला होता.

मूल कुठे आहे यावरून कोणतं कोर्ट बोलणार हे ठरतं. भारतातला १८९०चा पालक व पाल्य कायदा सांगतो, की अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा. म्हणून मूल हलवलं की पहिले काही महिने ‘नेमकं कोणतं कोर्ट’ या भांडणातच जातात. तेवढ्यात मूल नव्या शाळेत रुळतं आणि मग कोर्टही ती घडी मोडायला कचरतं. वकीलबाईंनी एक अपवाद मात्र आवर्जून सांगितला. घरात मारहाण होत असेल तर थांबू नका, मुलाला घेऊन बाहेर पडा, पण लगेच कागदावर या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात.

“नांदायला या, अशी नोटीस आली तर घाबरू नका”

ही नोटीस ताईला खरंच आली. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. जोडीदार सबळ कारणाशिवाय दूर राहत असेल, तर त्याने परत यावं म्हणून दुसरा अर्ज करू शकतो. घटस्फोटाच्या भांडणात हे कलम बऱ्याचदा डावपेच म्हणून वापरलं जातं.

याचं मूळ रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. मागणी काय, तर बायकोचा ताबा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’तून टिळक त्यांच्या विरोधात लिहीत होते. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत काम करू लागल्या.

हा खटला आपण स्त्रीशिक्षणाच्या धड्यात वाचतो. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसली. त्या दाव्यात बाई कायद्याच्या नजरेला जशी दिसते, तशीच मुलंही दिसत होती. कोणाकडे राहायचं हे इतरांनी ठरवायचं. तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली. आज अशा हुकुमाने कोणी कोणाला हाताला धरून घरी नेऊ शकत नाही. पण नोटिशीला उत्तर दिलंच पाहिजे. दुर्लक्ष केलं तर एकतर्फी निकाल लागतो, आणि हुकूम होऊन वर्षभर एकत्र राहणं झालं नाही, तर तेच घटस्फोटाचं कारण होऊ शकतं.

“त्यांच्यावर चिखल उडवू नका, मुलीचं काय ते दाखवा”

ताईला हे पटायला सगळ्यात जड गेलं. तिच्याकडे नवऱ्याच्या चॅटचे शेकडो स्क्रीनशॉट होते. वकीलबाई म्हणाल्या, “हे बाजूला ठेवा. मुलीच्या लसीकरणाचं कार्ड आणा. फीच्या पावत्या आणा. पालकसभेला कोण जातं, ताप आला की रात्री कोण जागतं, डॉक्टरांच्या फाईलवर कोणाचा नंबर आहे, ते आणा.”

चारित्र्यावर ताबा ठरायचा तो काळ पाहायचा तर ॲनी बेझंट यांच्याकडे जावं लागतं. होमरूल चळवळीमुळे आपल्याला माहीत असलेल्या याच त्या बाई. भारतात येण्याच्या खूप आधी, १८७३ मध्ये, त्या पाद्री नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. करारानुसार मुलगा बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे राहिली. १८७७ मध्ये बेझंट यांनी संततिनियमनावरची पुस्तिका छापली आणि त्यासाठी त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यांचं नास्तिक असणं तर जाहीरच होतं. १८७८ मध्ये नवरा कोर्टात गेला आणि कोर्टाने मेबल काढून घेतली. आई मुलीला नीट सांभाळत नव्हती असा ठपका नव्हता. आईची मतं वाईट, एवढंच पुरेसं झालं. मोठी झाल्यावर मेबल आपणहून आईकडे परतली.

आज आपल्याकडे कसोटी बदलली आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ म्हणतं, की मुलाचं हित सर्वांत वरचं. १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की मुलं ही आईबापांची मालमत्ताही नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. जोडीदार वाईट नवरा असेल, पण तेवढ्याने तो वाईट बाप ठरत नाही. हे बायकोलाही लागू आहे. चिखलफेकीला कोर्ट कंटाळतं, लसीकरणाचं कार्ड मात्र वाचतं.

“मुलीला पढवू नका”

बेझंट बाईंच्याच आयुष्यात पुढे उलटा प्रसंग आला. १९१० मध्ये मद्रासच्या नारायणय्या यांनी आपल्या दोन मुलांचं पालकत्व त्यांना लिहून दिलं. त्यातला एक पुढे जे. कृष्णमूर्ती म्हणून जगाला माहीत झाला. १९१२ मध्ये बेझंट मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला घेऊन गेल्या. बापाचं मन बदललं आणि त्याने दावा लावला. बेझंट यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. मद्रासमध्ये त्या दोनदा हरल्या. मे १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जिंकल्या. कौन्सिलने दोन गोष्टींवर बोट ठेवलं. मुलं इंग्लंडमध्ये राहत असताना दावा त्या कोर्टात चालायलाच नको होता. आणि इतकी मोठी मुलं, त्यांना काय हवं याचा विचार कोणी केलाच नव्हता.

एकदा मुलगी गमावलेल्या आणि एकदा मुलं राखलेल्या या बाईच्या दोन खटल्यांमध्ये छत्तीस वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात मूल हळूहळू वस्तूचं माणूस होत गेलं. १८९०च्या कायद्यातही लिहिलेलं आहे, की मूल समजतं झालं असेल तर कोर्ट त्याची इच्छा लक्षात घेऊ शकतं. आता न्यायाधीश बऱ्याचदा मुलाशी आपल्या दालनात, आईबापांना बाहेर ठेवून बोलतात. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. पढवलेलं मूल त्यांना लगेच ओळखू येतं, आणि मग जो पढवतो त्याच्याबद्दलच शंका येते.

“पाच वर्षांखाली आई, या भरवशावर राहू नका”

हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण अर्धाच. १९५६च्या कायद्याचं कलम ६ सांगतं, की मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा मात्र सर्वसाधारणपणे आईकडे. म्हणजे दूध पाजायला आई, सही करायला बाप.

१९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही त्यांची होती. बँकेने बापाची सही मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल आला. कोर्टाने कलम रद्द केलं नाही, ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ बदलला. नंतर म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर असं नाही. बाप मुलाची जबाबदारी घेत नसेल, किंवा तसं दोघांत ठरलं असेल, तरी आई पालक असते. २०१५ मध्ये विधी आयोगाने हे कलमच सुधारा आणि दोघांच्या सामायिक ताब्याची सोय करा, अशी शिफारस केली. कलमातले शब्द अजून तेच आहेत. जुनी ओळ तशीच आणि वर एक पॅच, हा प्रकार आमच्या ऑफिसच्या बाहेरही चालतो तर.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की मुलाच्या वयावर किंवा आपण आई आहोत यावर विसंबून घरी बसू नये. आणि बापांनीही ‘कोर्ट आईचंच ऐकतं’ म्हणून आधीच हार मानू नये. रोजचा सांभाळ कोण करतं, हे दोघांनाही दाखवावं लागतं.

“जमलं तर लिहून मोकळे व्हा”

हिंदू विवाह कायदा १९५५चा. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय त्यात १९७६ मध्ये आली. मधली एकवीस वर्षं वेगळं होण्यासाठी एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायला लागे, आणि तोवर मुलांच्या कानावर काय काय पडत असेल याची कल्पना करा. आज संमतीने सुटायचं ठरलं, तर मुलाबद्दलच्या अटी आपल्याला आपल्या शब्दांत लिहिता येतात. ‘योग्य वेळी भेटू द्यावे’ असं मोघम लिहिलं, की पुढची दहा वर्षं भांडण ठरलेलं. कोणता वार, किती वाजता, कोण सोडणार, दिवाळी कोणाकडे, मे महिन्याच्या सुट्टीचे किती दिवस, फी कोण भरणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार, हे सगळं लिहायचं. आणि ताब्याचा हुकूम कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, तर कोणीही पुन्हा कोर्टाकडे जाऊ शकतं.

तुमच्या ओळखीत कोणी या वाटेवर असेल, तर त्यांना चार गोष्टी सांगा : लवकर वकील गाठा, मूल लपवू नका, पावत्या जपा आणि मुलासमोर भांडू नका. करारनामा लिहायची वेळ आली, तर त्यात ‘ताबा’ऐवजी ‘सांभाळ’ लिहिता येईल का, तेही वकिलांना विचारून पाहा. कोर्टाच्या हुकुमात शेवटी ताबा हाच शब्द उमटेल. पण अटी लिहिताना समोर ‘सांभाळ’ असेल, तर प्रश्न ‘मूल कोणाचं’ असा पडत नाही. शाळेतून कोण आणणार आणि डबा कोण देणार, असा पडतो.