पहिल्या खेळाचा दरबार

मुंबईत एखादा नवा चित्रपट, नवे अत्तर किंवा वस्त्रप्रावरणांची नवी तऱ्हा लोकांपुढे यावयाची असली, की वस्तू तयार होण्याच्या आधीच निमंत्रितांच्या यादीचा खल सुरू होतो. कोणाला पहिल्या रांगेत बसवावे, कोणाचे स्वागत दारापर्यंत जाऊन करावे, कोणाला नुसते पत्र धाडून भागेल, याचा काथ्याकूट पाहिला म्हणजे हा सारा थाट विलायतेतून आला, हे सर्वसाधारण मत मला अर्धवट वाटू लागते. तांबडा गालिचा आणि छायाचित्रकारांची दाटी विलायती खरी. परंतु माणसाची किंमत त्याच्या जागेवरून ठरविण्याचा दस्तूर आपल्याकडे दरबारातून आला आहे, आणि दरबार मोडल्यावर तो नाटकगृहाच्या आश्रयाला गेला, असे माझे मत आहे.

दादासाहेब फाळक्यांना हा दस्तूर पुरता अवगत होता. ‘राजा हरिश्चंद्र’ सामान्य प्रेक्षकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, गिरगावाजवळच्या कॉरोनेशन चित्रगृहात. पण त्याआधी २१ एप्रिलला ऑलिंपिया थिएटरात त्यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळी आणि वृत्तपत्रांचे संपादक यांच्यासाठी एक स्वतंत्र खेळ केला होता. ज्या काळात चित्रपटाचा धंदा जादूगार आणि डोंबाऱ्यांच्या पंक्तीला बसविला जात होता, आणि चित्रात काम करावयास कुलीन स्त्री तर राहोच, नाचणारीसुद्धा मिळत नसल्यामुळे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाला द्यावी लागली होती, त्या काळात चार मान्यवरांनी खुर्चीवर बसून चित्र पाहिले एवढ्यानेच त्या धंद्याला अब्रू प्राप्त होत होती. सामान्य खेळांच्या वेळी मात्र चित्राच्या जोडीला नाच आणि कसरतीचे प्रयोग ठेवावे लागले. प्रतिष्ठेची बाब निराळी आणि गल्ल्याची निराळी, हे फाळक्यांसारख्या व्यवहारी कलावंताला कोणी शिकवावयास नको होते.

परंतु या समारंभाचे खरे वैभव त्या सुमारास चित्रगृहात नव्हते. ते संगीत रंगभूमीवर होते. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग मुंबईच्या रिपन थिएटरात केला, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली होती, तरीही प्रेक्षक परत जाऊ नयेत म्हणून ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. पहिल्या प्रयोगाची तिथी किती अनुल्लंघनीय मानली जाई, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे गंधर्व मंडळी स्थापन झाल्यावर तर उंची शालू, खरे अलंकार आणि प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर यांचा असा काही सरंजाम उभा राहिला, की नायिकेचे लुगडे, तिची नथ आणि केशरचना पाहून येऊन घरोघरच्या स्त्रिया तिचे अनुकरण करू लागल्या. रेशमी वस्त्रांच्या व्यापाऱ्यांना याहून उत्तम जाहिरात कोणती मिळणार होती? एका पुरुषाने स्त्रियांना नेसावे कसे हे शिकवावे, यात काहींना विपरीत वाटले असेल. मला त्यात त्या नटाच्या निरीक्षणाचा विजय दिसतो. या वैभवापायी कंपनी कर्जात रुतत गेली, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे.

या परंपरेचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडाकरिता बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले, आणि तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले. शंभराची खुर्ची घेणारा मनुष्य गाणे ऐकत होता, देशकार्यास हातभार लावीत होता, आणि आपण शंभराच्या खुर्चीवर बसलो आहोत हे शहराला दाखवीतही होता. या तीन हेतूंची वाटणी करण्याच्या भरीस मी पडणार नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला परळला महात्मा गांधींच्या हस्ते विलायती कापडाची होळी झाली, आणि ऑक्टोबरात केशवराव वारले.

बोलपटांनी हा मान नाटकाकडून हिरावून घेतला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला तेव्हा गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले. पुढे रीगल, मेट्रो, इरॉस अशी संगमरवरी आणि आरशांची चित्रगृहे उभी राहिली. त्यांच्या जिन्यांवरून उतरणे हाच कित्येकांना निम्मा खेळ वाटत असे.

मात्र जुन्या दरबाराचे पूर्ण पुनरुज्जीवन व्हावयाचे होते ते मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात. ५ ऑगस्ट १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन पुरते शंभर दिवस लोटले नसताना, के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ तेथे प्रकाशित झाला. दहा वर्षांहून अधिक काळ रखडलेल्या त्या चित्राच्या फितींचे डबे शृंगारलेल्या हत्तीवरून मिरवीत आणले होते, निमंत्रणे शाही फर्मानांच्या घाटाची होती, आणि चित्रगृहाचे दर्शनी अंग महालासारखे सजविले होते. बाहेर रस्त्यावर तिकिटांसाठी लोकांनी दिवसेंदिवस ठाण मांडले होते. त्यांना घरून डबे येत. आत खाशांचा दरबार आणि बाहेर रयत, हा मोगली नकाशा इतका तंतोतंत उतरला होता, की कलादिग्दर्शकाने तो मुद्दाम आखला असता तरी अधिक साधला नसता.

दरबारात कोण कोठे उभा आहे याला जितके महत्त्व, तितकेच कोण उभा नाही यालाही असते. १२ मे १६६६ रोजी आग्र्यास औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात शिवाजीमहाराजांना मनसबदारांच्या मागच्या रांगेत उभे केले, तेव्हा त्यांनी भर दरबारात संताप प्रकट केला, आणि त्या रांगेची कथा अजून मराठी घरांत सांगितली जाते. मराठा मंदिराच्या त्या रात्री शाहजादा सलीमच गैरहजर होता. दिग्दर्शकाशी बेबनाव झाल्यामुळे दिलीपकुमार आपल्याच चित्राच्या पहिल्या खेळाला आले नाहीत. पडद्यावर बापाविरुद्ध बंड करणारा तो राजपुत्र प्रेक्षागृहातही दरबाराला पाठ फिरवून राहिला, आणि चित्र त्याच्यावाचून वर्षानुवर्षे भरगर्दीत चालत राहिले.