एंजिनांची वर्गनामे, यवतमाळ लोहमार्गावरील
यवतमाळ–मूर्तिजापूर हा ‘शकुंतला’ या गाडीमुळे ओळखला जाणारा, ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग सु. ११३ किमी. लांबीचा होता. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तो मुख्यत्वे वऱ्हाडातील कापसाच्या वाहतुकीसाठी बांधण्यात आला. १९२१ मध्ये मँचेस्टर येथे तयार झालेले बाष्प एंजिन येथे दीर्घकाळ वापरात होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डीझेल एंजिनाने घेतली.

या दोन पिढ्यांची वर्गनामे एकाच रीतीने वाचता येत नाहीत. ‘झेड’ हे आद्याक्षर दोन्हींत याच मापाचे निदर्शक आहे. तथापि झेडबी, झेडई या बाष्प एंजिनांच्या नावांतील दुसरे अक्षर आराखड्याचा भेद दर्शविते, तर ‘झेडडीएम’मधील ‘डी’ म्हणजे डीझेल आणि ‘एम’ म्हणजे मिश्र (प्रवासी व माल) वाहतूक. पुढील अंक आराखड्याची पिढी सांगतो, शक्ती नव्हे : ‘झेडडीएम–४’ ७०० अश्वशक्तीचे, तर नंतरचे ‘झेडडीएम–५’ ४५० अश्वशक्तीचेच आहे. याउलट रुंदमापी ‘डब्ल्यूडीएम–३ए’मधील ‘३ए’ने ३,१०० अश्वशक्ती सूचित होते. यवतमाळ मार्गावरील वाहतूक पुढे बंद पडली. तिच्या तांत्रिक इतिहासाचा मागोवा घेताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे ठरते.