फळीची लांबी आणि रस्त्याची

३९०, ३७२, २८६, २२०. ऑलिम्पिकमध्ये विंडसर्फिंगसाठी एकामागून एक ठरवून दिलेल्या बोर्डांची ही लांबी, सेंटिमीटरमध्ये. १९९२ला बार्सिलोनात लेखनर होता, १९९६पासून मिस्ट्रल, २००८पासून आरएस:एक्स आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकला आयक्यू-फॉइल. लेखनरच्या मानाने आजची फळी निम्म्याहून थोडीच मोठी. एवढ्यावरून सामान हलकं झालं असा कुणाचा समज झाला, तर त्याने शर्यतीला निघालेल्या खेळाडूच्या पिशव्या एकदा विमानतळावर मोजाव्यात. फळी आखूड होत गेली आणि बोजा वाढत गेला. हे कसं झालं ते पाहायचं तर पार सुरुवातीला जायला हवं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी नावाचा एक गृहस्थ पाट्या रंगवायचा. १९६४ साली त्याने एका सपाट फळीवर डोलकाठी उभी केली. ती घट्ट ठोकली नाही, हवी तशी कलंडेल अशी ठेवली. शीड पतंगाच्या आकाराचं होतं आणि माणसाने त्याला पाठ लावून उभं राहायचं. या खटपटीत बायको नेओमी त्याच्या बरोबरीने होती. ऑगस्ट १९६५च्या ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात त्याने ही फळी घरी कशी बनवायची याचा आराखडाच छापून टाकला. पेटंट घेतलं नाही. सुकाणूच नसलेली नाव शिडाच्या कलाने वळवता येते, हे मर्म त्यात आलेलं होतं.

पुढची पायरी कॅलिफोर्नियातली. जिम ड्रेक हा विमानविद्येचा अभियंता आणि शिडाच्या होडीचा शौकीन, तर त्याचा मित्र हॉयल श्वाइट्झर लाटांवर फळी चालवणारा. दोघांच्या गप्पांत अडचणीही दोन निघत. होडी पाण्यात उतरवायची म्हणजे तयारीतच अर्धा दिवस मोडतो. सर्फबोर्ड काखोटीला मारून नेता येतो, पण लाट नसली की तो कुचकामी. दोन्हींचा मेळ घालणारी वस्तू त्यांनी १९६७मध्ये मरिना डेल रे इथे पाण्यात उतरवली. डोलकाठीच्या बुडाला सगळ्या दिशांनी वळणारा सांधा होता आणि शिडाच्या दोन्ही अंगांनी जाणारा वाकडा बूम होता, म्हणजे हाताने धरायची दुहेरी कमान. डार्बीच्या माणसाची पाठ शिडाला लागायची, आता माणूस शिडासमोर आला आणि अंगाचं वजन टाकून वारा तोलू लागला. पेटंटचा अर्ज २७ मार्च १९६८चा आणि मंजुरी जानेवारी १९७०ची.

मला या वस्तूच्या वंशावळीत वाऱ्याइतकाच मोटारीचा टप महत्त्वाचा वाटतो. बारा फुटांची फळी, एक काठी, एक शीड, सागवानी बूम. एका माणसाने टपावर बांधायचं, एका माणसाने उतरवायचं. सगळ्यांची फळी सारखी आणि शीडही सारखं, त्यामुळे काय घ्यावं हा प्रश्नच नव्हता. नेदरलँड्समधल्या टेन काटे या कापड बनवणाऱ्या कंपनीने परवाना घेतला आणि सत्तरच्या दशकात युरोपभर टपाटपांवर या फळ्या दिसू लागल्या.

पेटंटवरून व्हायची ती कोर्टकचेरी झालीच. इंग्लंडमधल्या खटल्यात पीटर चिल्व्हर्सचं नाव पुढे आलं. बारा वर्षांचा असताना, १९५८ साली, त्याने हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर असलीच फळी चालवली होती. १९८५मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने पेटंट रद्दबातल ठरवलं. जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळू नये, हे तपासायची जी रीत त्या निकालात घालून दिली गेली, तिला पेटंटचे वकील आजही ‘विंडसर्फिंग’चीच कसोटी म्हणतात. यातल्या कित्येकांनी फळीवर पाय ठेवलेला नसेल.

बोजा वाढायला सुरुवात झाली हवाई बेटांवर. १९७७च्या सुमारास तिथल्या मंडळींनी फळीवर पाय अडकवायला पट्टे ठोकले. पाय सुटेना म्हटल्यावर उड्या मारता येऊ लागल्या, आणि उड्या मारायला लांब फळी अडचणीची. मग फळ्या आखूड झाल्या, इतक्या की उभं राहिलं तर बुडतील. हिशेब सोपा आहे. फळी किती लिटरची ते तिच्यावर छापलेलं असतं आणि साधारण तेवढे किलो ती पेलते, स्वतःचं वजन वजा करून. पंचाहत्तर किलोच्या माणसाने ऐंशी लिटरची फळी घेतली तर शीड, काठी आणि ओले कपडे धरून तो पाण्याखालीच. तिच्यावर चढायचं ते पाण्यात पडल्या पडल्या, शिडात वारा भरून, त्याच्याच ओढीने. ज्याला हे जमतं त्याच्यासाठी ती फळी. शिकणाऱ्याला दीडशे ते दोनशे लिटर लागतात आणि मधे खाली सरकणारं पातं, म्हणजे डॅगरबोर्डही लागतो. नाहीतर वारा आडवा ढकलत नेतो आणि माणूस फळी डोक्यावर घेऊन काठाकाठाने चालत परत येतो.

एकदा फळी वाऱ्याप्रमाणे आणि वजनाप्रमाणे निवडायची ठरली की एका फळीवर भागत नाही. हलक्या वाऱ्याची एक, जोराच्या वाऱ्याची एक, शिडं तीन, प्रत्येक शिडाला त्याच्या मापाची डोलकाठी. मिस्ट्रलचं शीड ७.४ चौरस मीटरचं होतं, आरएस:एक्समध्ये पुरुषांचं ९.५ झालं. एवढं शीड तोलायला फळी ९३ सेंटिमीटर रुंद करावी लागली, मिस्ट्रलची ६३ होती. म्हणजे लांबीत जे वाचवलं ते रुंदीत घालवलं. आयक्यू-फॉइलमध्ये तर फळीखाली जवळजवळ मीटरभर उंचीचा खांब आणि त्याला विमानासारखे पंख आले. ते खोलून वेगळ्या पेटीत भरायचे.

प्रवासासाठी म्हणून मुद्दाम केलेल्या सुधारणा दोनच मोलाच्या. साडेचार मीटरची डोलकाठी मधोमध दोन तुकड्यांत खोलता येऊ लागली आणि बूम आत सरकून लहान होऊ लागला. तरीही विमान कंपन्यांच्या खिडकीवर माप घेतलं जातंच. एका नगाला बहुतेक ठिकाणी ३२ किलोची मर्यादा, लांबीची अट प्रत्येकाची निराळी आणि खेळसाहित्याचं शुल्क वेगळं. आम्हां जुन्नर-आंबेगावकरांना यात नवल वाटू नये. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचाच म्हणून दाखवतात.

आपल्याकडे तरंगायच्या साधनांची परंपरा याच्या अगदी उलट. तिचं सूत्र एकच, काही न्यायचंच नाही. नदी ओलांडायची तर वाळलेले भोपळे बांधून काठावरच सांगड करायची, काम झालं की सोडायची. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पुरात गुऱ्हाळाची काहील नाव झाली. निरगुडसरच्या पंचक्रोशीत पोहायला शिकताना विहिरीवर मिळेल ते पाठीला बांधलेलं असे. कुणाच्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, कुणाचा झाकण पक्कं लावलेला तेलाचा रिकामा डबा, पुढे ट्रकची ट्यूब. धरणांत जाळी टाकणारे कित्येकजण अजून फुगवलेल्या ट्यूबवर बसून हातांनी पाणी मागे सारत जातात. शीड यातल्या कशालाच नव्हतं. ते कोकणात राहिलं. देशावरच्या नद्या पावसाळ्यात शीड लावू देत नाहीत आणि उन्हाळ्यात तेवढं पाणीच ठेवत नाहीत.

शीड घाटावर चढलं ते धरणांमुळे. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बेमध्ये छात्र शिडाच्या होड्या शिकतात. पानशेतलाही पर्यटकांसाठी विंडसर्फिंगच्या फळ्या आल्या. स्पर्धेचे खेळाडू मात्र घडले ते मुंबईच्या लष्करी-नौदली तळांवर आणि गोव्यात. गोव्याच्या कात्या आणि डेन कुएल्हो या बहीण-भावांनी हा खेळ देशाबाहेर नेला. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एबाद अलीने भारतासाठी कांस्य मिळवलं, तेही आरएस:एक्सवर. ऑलिम्पिक तोवर फॉइलकडे वळलेलं होतं. साहित्य दर काही वर्षांनी असं बदलतं, आणि आपल्यासारख्या देशात जुनी फळी विकत कोण घेणार हा खर्चातला मोठा प्रश्न होऊन बसतो.

आमच्याकडे घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं आणि हुतात्मा बाबू गेनू सागर उभा राहिला. उठवलेल्या आदिवासींनी त्याच पाण्यावर मासेमारीचा हक्क मागितला, त्यात ‘शाश्वत’ संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी आयुष्य घातलं. तेव्हा या जलाशयावर फळी घेऊन जाणाऱ्याने जलसंपदा खात्याची परवानगी काढावी आणि मासेमारांच्या जाळ्यांपासून लांब राहावं, या दोन गोष्टी वाऱ्याच्याही आधीच्या.

वारा आहे. चैत्र-वैशाखात दुपार कलली की समुद्राची हवा सह्याद्री ओलांडून इकडे उतरते. पण नेमकं तेव्हाच पाणी तळाला गेलेलं असतं आणि बुडालेल्या शिवारातले खुंट, बांध वर येतात. फॉइलला निदान सव्वा मीटर मोकळं पाणी हवं. ते पंख खुंटाला अडले तर फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. इथे फॉइल आणणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. डोंगराआडून वारा धक्क्याधक्क्याने येतो, म्हणून मोठी, डॅगरबोर्डवाली फळी आणि शेवाळ अडकू नये म्हणून मागे झुकलेलं फिन, म्हणजे फळीच्या शेपटाखालचं पातं, बरं. सातशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते, तेव्हा गोव्यात साडेसहाचं शीड पुरत असेल तर इथे सातचं घ्यावं. माळशेजच्या माथ्याकडचं म्हणाल तर पिंपळगाव जोग्याचं पसरट पाणी मोह घालतं, पण रोहित पक्षी उतरतात त्या दिवसांत तिथे शीड उभारूच नये.

मुंबईहून माळशेजमार्गे यायचं तर आणखी एक बारीक गोष्ट. आतून फोम भरलेल्या फळीला वरच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो. घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते, वरून टपावरचं ऊन. फळीचं कवच फोमपासून सुटायला एवढं पुरतं. घाटाआधी तो स्क्रू सैल करावा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीने पिळावा. राहिला तर फळी आतून पाणी पिते आणि ते बाहेर काढायला आठवडे लागतात. काही नव्या फळ्यांना आपोआप श्वास घेणारी झडप असते, पण सेकंड-हँड बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जुन्याच. टपावर बांधताना पट्टा करकचून ओढू नये, बोटाने दाबल्यावर थोडा हलेल इतपत ठेवावा. कवचाला पडलेली खोक पुन्हा भरून येत नाही.

आता हवा भरायच्या फळ्या आल्या आहेत. वरचा आणि खालचा थर आत हजारो धाग्यांनी जोडलेला, त्यामुळे फुगली तरी फळी सपाट राहते. सोडली की गुंडाळून पाठीवर, डोलकाठीचे चार-पाच तुकडे त्याच पिशवीत. ही एसटीत मावते. वेगात ती कडक फळीच्या पासंगालाही पुरत नाही, लाट आली की मधे लवते, पण खुंटावर आपटली तर बहुधा उसळी मारून निभावते, आणि डिंभ्याच्या पाण्यात हा गुण मोठा. पंधरा पौंडांचा दाब हाताने भरायला दम निघतो. पंप दोन्ही बाजूंनी हवा भरणारा घ्यावा आणि नळीचं वॉशर जास्तीचं ठेवावं, मंचरच्या सायकलच्या दुकानात ते मापाचं मिळेलच असं नाही.