एक चाल, अनेक कंठ

संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडली म्हणजे पदांच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द आणि त्यापुढे एखाद्या परिचित गीताचे आरंभीचे शब्द आढळतात. नवे पद कोणत्या सुरावटीत म्हणावयाचे, याची ती खूण. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा साकी, दिंडी अशा लोकांच्या ओठांवरच्या चाली त्यात योजिल्या होत्या. चाल उसनी घेण्यात कोणी कमीपणा मानीत नसे. सूर आधीच ठाऊक असला म्हणजे श्रोत्याचे चित्त शब्दांकडे लागते. जात्यावरच्या ओवीचे तरी दुसरे काय? त्याच संथ चालीत एक बाई माहेर आठविते, तर दुसरी विठ्ठलाला हाक घालते.

याच जातीची एक रीत सातासमुद्रांपलीकडे जमैका बेटावर नांदते आहे. तेथे रचनाकार प्रथम केवळ ताल आणि साथ बांधतो; तिला ‘रिडिम’ म्हणतात. मग त्या एकाच साथीवर अनेक गायक आपापली गीते रचितात. स्टीव्हन मार्सडेन यांच्या, टाळ्यांच्या ठेक्यावर चालणाऱ्या अशा एका रिडिमचे नाव चक्क ‘दिवाळी’ असे आहे. तिच्यावर वेन वंडर यांनी प्रेमगीत गायिले, तर शॉन पॉल यांनी नृत्यगीत. आणि ते नृत्यगीत २००३ साली अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेथे साथ सामाईक, आपल्याकडे सुरावट सामाईक, भेद एवढाच.

या सामाईक धनाचे मोल पांढुर्णा आणि सौसर या भागात विशेष जाणवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठीभाषी मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिला. राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. राज्य तेच राहिले.

येथील भजनी मंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने गायिली जातात. महाराजांनी मराठीत लिहिले, तसेच हिंदीतही. त्यांच्या भजनसंग्रहांत अनेक पदांच्या माथ्यावर ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गीताचा निर्देश असतो. खंजिरीचा ठेका दोन्ही भाषांना सारखाच साथ देतो. सीमेची रेघ नकाशावर उमटली, तरी चालीवर ती उमटत नाही.

परंतु यातच एक सावधगिरीची सूचनाही आहे. चाल कोणत्याही भाषेचे शब्द तितक्याच आनंदाने स्वीकारते. भाषा राखण्याचे काम ती आपण होऊन करीत नाही. ज्या चालीत आज्यांनी मराठी शब्द घातले, तीत नातवंडांनीही ते घातले, तरच या मुलखात मराठी गाती राहील.