व्याख्यान आणि पंगत

कोल्हापुराहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सह्याद्रीच्या माथ्यावर जेथें संपल्यासारखा वाटतो, तेथें गगनबावडा हें गांव आहे. तेथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोंकणांत उतरतात आणि डोक्यावर गगनगड उभा असतो. बावड्याची ही जहागीर पंत अमात्यांच्या घराण्याची. ज्या रामचंद्रपंतांच्या आज्ञापत्रानें मराठी राज्यनीतीस शब्दरूप दिलें, त्यांचें नांव या मुलखाशीं कायमचें जडलेलें आहे. पावसाळ्यांत येथें जिल्ह्यांतील सर्वांत अधिक पाऊस पडतो. अशा गांवीं बाहेरून कोणी जाणता मनुष्य यावा, त्यानें चार गोष्टी सांगाव्या आणि भाषणानंतर सर्वांनीं एके ठिकाणीं बसून चहाफराळ करावा, हा साधा कार्यक्रमहि मोठ्या अगत्याचा वाटतो.

आठवड्यास एकदां जमावें, पाहुण्या वक्त्याचें ऐकावें आणि एकत्र जेवावें, ही रीत रोटरीसारख्या सेवामंडळांनीं आतां आपल्या नित्य परिचयाची केली आहे. या मंडळाचा जन्म १९०५ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं झाला. पॉल हॅरिस या वकिलानें एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक शिंपी अशा तिघांस जमविलें. आज एकाच्या कचेरींत, पुढील खेपेस दुसऱ्याच्या, अशा पाळीपाळीनें बैठका होत, म्हणून फिरत्या चाकाचें नांव मंडळास मिळालें. ही शाखा हिंदुस्थानांत प्रथम कलकत्त्यास १९१९-२० च्या सुमारास व मुंबईस १९२९ सालीं रुजली. प्रत्येक धंद्याचा एकेक प्रतिनिधि घ्यावा, हा या मंडळाचा मूळचा नियम होता. धंद्यावरून जात आणि जातीवरून पंगत ठरविणाऱ्या आपल्या देशांत शिंप्यानें व वकिलानें दर आठवड्यास एका मेजावर बसावें, या नियमाचा अर्थ शिकागोपेक्षां फार निराळा होता. तो ध्यानांत येण्यासाठीं आपल्याच इतिहासाकडे वळलें पाहिजे. कारण अशा बैठकीचीं व्याख्यान व पंगत हीं दोन्ही अंगें रोटरीच्या पुष्कळ आधीं महाराष्ट्रांत वेगवेगळ्या वाटांनीं आलीं होतीं.

व्याख्यानाचें अंग आपण फार लौकर आपलेंसें केलें. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या गुरूंनीं सभा स्थापिली आणि त्याच वर्षीं मराठी भाषेसाठीं उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा निघाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान् तिचे पुढारी होते. सभासदांनीं निबंध वाचावे, इतरांनीं त्यांवर शंका घ्याव्या, असा तिचा क्रम असे. कोल्हापूरहि फार मागें राहिलें नाहीं. १८५० सालीं तेथें जें ग्रंथालय स्थापन झालें, तेंच आजचें करवीर नगर वाचन मंदिर होय. १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं आठवड्याआठवड्यास जाहीर वाद केला, तेव्हां लोकांची मोठी दाटी होई. १८६४ सालीं केशवचंद्र सेन मुंबईस आले व तीन वर्षांनीं प्रार्थना समाज निघाला. पाहुण्या वक्त्याच्या वाणीचा परिणाम किती दूरवर जातो, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१८७५ सालीं तर पुण्यानें ही हौस शिगेस नेली. न्यायमूर्ति रानडे यांनीं वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ त्याच वर्षीं केला आणि त्याच वर्षीं स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास येऊन त्यांचीं व्याख्यानें झालीं. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हां विरोधकांनीं दंगा केला, हेंहि प्रसिद्ध आहे. वसंत व्याख्यानमाला अद्यापि चालू आहे, यावरून ऐकण्याची आवड मराठी मनुष्याच्या रक्तांत किती मुरली आहे हें दिसून येईल. कीर्तनाच्या परंपरेनें आपल्याला परगांवच्या बोवांचें ऐकण्याची संवय आधींच लावलेली होती. नव्या शिक्षणानें बोवांच्या जागीं प्रोफेसर आणून उभा केला, इतकेंच.

पंगतीचें अंग मात्र आपल्याला झेपलें नाहीं. ज्ञान कोणाच्याहि तोंडून ऐकतां येतें, पण पाणी कोणाच्याहि हातचें पितां येत नाहीं, असा आपला समज होता. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस मंडळी निघाली, ती या समजावरच घाव घालण्यासाठीं. दादोबांच्या विचारांची छाप तिच्यावर होती व राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. नव्या सभासदानें परधर्मीयाच्या हातचा पाव खावा व पाणी प्यावें, अशी तिची दीक्षा होती. परंतु हें सारें गुप्तपणें चाले. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली, नांवें फुटण्याची भीति उत्पन्न झाली आणि मंडळी मोडली. या सुशिक्षितांना जातिभेद खोटा आहे हें बुद्धीनें पटलें होतें, दार लावून त्यांनीं तो मोडलाहि होता. मात्र दार उघडण्याची वेळ आली तेव्हां धैर्य उरलें नाहीं. त्यांस हंसणें सोपें आहे. ज्याची बायकामुलें त्याच गल्लींत राहतात, ज्याच्या घरीं लग्नकार्य व श्राद्ध व्हावयाचें आहे, त्यासच बहिष्कार म्हणजे काय हें ठाऊक असतें.

चहाच्या एका पेल्यानें केवढा कहर होऊं शकतो, तें १८९० सालीं पुण्यांत दिसलें. पंचहौद मिशनमधील बैठकीस शहरांतील पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थ गेले. रानडे व टिळक हे दोघेहि त्यांत होते. तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं नुसता पेला हातीं धरला, कोणीं बाजूस ठेवला. पुढें नांवें वृत्तपत्रांत छापून आलीं आणि मोठें ग्रामण्य उभें राहिलें. शंकराचार्यांकडून चौकशीसाठीं शास्त्री नेमले गेले. अखेरीस प्रायश्चित्तें झालीं. रानड्यांसारख्या पुरुषानेंहि प्रायश्चित्त घेतलें, म्हणून त्यांच्या अनेक अनुयायांस दुःख झालें. एकमेकांचे कट्टर प्रतिपक्षी असलेले पुढारी एकाच चहापायीं एकाच पिंजऱ्यांत उभे राहावे, हा विनोद खरा. पण त्यामागें एक गंभीर गोष्ट आहे. त्या बैठकींत काय ऐकलें, याबद्दल कोणीं कोणास जाब विचारला नाहीं. जाब विचारला तो काय प्यालें याचा.

स्त्रियांची वाट आणखीच अरुंद होती. १८८२ सालीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यांत आर्य महिला समाज स्थापिला, तेव्हां त्या सभेस जाऊन आलेल्या रमाबाई रानड्यांस घरांतील बायकांचे टोमणे सोसावे लागले. ऐकण्याचा हक्कहि त्यांस भांडून मिळवावा लागला. या बाबतींत पाश्चात्यांनाहि फार ऐट मिरवितां येणार नाहीं. रोटरीनें आपल्या नियमांत स्त्रियांस सर्वत्र सभासदत्वाचा मार्ग मोकळा केला तो १९८९ सालीं, म्हणजे जन्मानंतर चौऱ्यायशीं वर्षांनीं.

ही कोंडी फोडण्याचा अत्यंत साधा व अत्यंत परिणामकारक प्रयोग मात्र आमच्या करवीर नगरींत झाला. शाहू महाराजांच्या पदरीं पागेंत गंगाराम कांबळे नांवाचा मनुष्य होता. अस्पृश्य असून पाण्यास शिवला म्हणून त्यास मारहाण झाली. महाराजांनीं मारणाऱ्यांस शासन केलें आणि गंगारामास स्वतंत्र धंदा करण्यास सांगितलें. त्यानें भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान घातलें व त्यास ‘सत्यसुधारक’ हें नांव दिलें. गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हां महाराज स्वतः गाडी दुकानापुढें थांबवून गंगारामाच्या हातचा चहा मागवूं लागले आणि बरोबरच्या मंडळींसहि तो घ्यावा लागूं लागला. एका राजानें रस्त्यावर, भर उजेडांत, सर्वांच्या देखत चहा प्यावा, ही गोष्ट परमहंस मंडळीच्या बंद दाराशीं ताडून पाहावी. मुंबईच्या विद्वानांपाशीं युक्तिवाद होता. येथें राजाचा अधिकार होता, आणि तो खर्चण्याचें धैर्यहि होतें.

त्याच महाराजांनीं १९२० सालच्या मार्चांत माणगांवच्या परिषदेस हजर राहून, अध्यक्षस्थानीं असलेले तरुण डॉ. आंबेडकर हेच तुमचे खरे पुढारी आहेत, असें जमलेल्या अस्पृश्य बंधूंस सांगितलें. पाहुण्या वक्त्याचें भाषण इतकें खरें ठरल्याचें आमच्या स्मरणांत दुसरें उदाहरण नाहीं. पुढें १९२७ सालीं महाडचें तळें, १९३३ सालीं रत्नागिरीस सावरकरांच्या प्रेरणेनें निघालेलें सर्व हिंदूंचें उपाहारगृह, १९४७ सालीं पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठीं साने गुरुजींचें उपोषण, अशा पायऱ्यापायऱ्यांनीं ही वाट चढावी लागली. ज्या वारकरी पंथांत काला वांटून खाण्याची थोर चाल होती, त्याच्या देवाच्या दारांत हें उपोषण करावें लागलें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

हा इतिहास पाहिल्यावर साप्ताहिक बैठकींतील चहाकडे आपण निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतों. पुष्कळदां सुशिक्षित मंडळी म्हणतात, कीं व्याख्यान हेंच मुख्य, खाणेंपिणें ही वरची शोभा. आमच्या देशापुरतें तरी हें म्हणणें उलटें आहे. व्याख्यानें आम्ही पावणेदोनशें वर्षें ऐकत आलों आहों. समतेवर उत्तम भाषण ऐकून टाळ्या वाजवाव्या आणि घरीं येऊन वेगळा पेला काढून ठेवावा, हें आम्हांस साधलें होतें. म्हणूनच त्या भाषणांचा कस पंगतींत लागला. भाषण ऐकणाऱ्यास काहीं द्यावें लागत नाहीं. शेजारच्याच्या ताटाशीं ताट लावणाऱ्यास मात्र आपल्या घरच्यांचा राग, गल्लींतील कुजबूज आणि कित्येकदां मुलीच्या लग्नाची काळजी पदरांत घ्यावी लागे.

कायद्यानें अस्पृश्यता १९५० सालच्या राज्यघटनेपासून गेली. तरी कोणाच्या घरचें जेवण चालतें आणि कोणाच्या घरीं नुसतेंच आमंत्रण राहतें, हें ज्याच्या त्याच्या मनास ठाऊक असतें. म्हणून गगनबावड्यासारख्या डोंगरमाथ्यावरच्या गांवीं पावसाच्या संध्याकाळीं दहा माणसें जमलीं, वक्ता घाटांत अडकून आलाच नाहीं, आणि तीं दहा माणसें नुसता चहा घेऊन घरीं गेलीं, तरी ती बैठक फुकट गेली असें म्हणूं नये. दहांची जात न विचारतां किटली एकच फिरली असेल, तर त्या दिवशींचें व्याख्यान झालें.