परमा, गुडघा आणि लाज: एका संधिवाताचा इतिहास

आमच्या सटाण्याकडे गुडघा सुजला की पहिला शब्द येतो तो 'वात'. मग तेल, लेप, शेक. बहुतेक वेळा ते चालूनही जातं. पण तरुण माणसाचा एखादाच सांधा अचानक सुजला, तापला, सोबत ताप आला, तर डॉक्टरांच्या यादीत एक नाव असतं जे घरात कुणी उच्चारत नाही. परमा, म्हणजेच गोनोऱ्हिया. लैंगिक संबंधातून पसरणारा हा जिवाणू सांध्यात पोचतो कसा, आणि हे कळायला इतका वेळ का लागला, ते आज बघू.

आधी विज्ञान. नायसेरिया गोनोऱ्हिया हा जिवाणू मूत्रमार्ग, गर्भाशयाचं तोंड किंवा घशाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. उपचार झाले नाहीत तर शंभरातल्या साधारण तीन किंवा त्याहून कमी जणांत तो रक्तात उतरतो. तिथून गुडघा, मनगट, घोटा. सांध्यात पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यांच्याच विकरांनी कूर्चा झिजते. उशीर झाला तर सांधा जखडतो.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना परमा आणि सांधेदुखीचा संबंध दिसत होता, पण कारण माहीत नव्हतं. त्याआधी तर परमा आणि गरमी म्हणजे सिफिलिस हा एकच रोग, असं जॉन हंटरसारखे मोठे शल्यविशारद मानत. 1838 मध्ये फिलिप रिकोर यांनी दोन्ही वेगळे केले. जिवाणू सापडला तो 1879 मध्ये, आल्बर्ट नायसर यांना.

आता मुंबईकडे या. 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याखाली 1870 पासून शहरात वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. आजारी ठरली की लॉक हॉस्पिटलमध्ये रवानगी. 1872 मध्ये ते थांबलं, 1880 मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 1888 मध्ये कायदाच रद्द झाला. तारखा नीट बघा: जिवाणू सापडल्याच्या पुढच्याच वर्षी तपासणी परत आली, पण ती नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी होती. आज आपल्याला माहीत आहे की बऱ्याच स्त्रियांत परम्याची लक्षणंच दिसत नाहीत. म्हणजे जी डोळ्यांना दिसत नाही तीच लागण शोधायला डोळे लावले होते, आणि गिऱ्हाईक पुरुष तपासणीबाहेर. अन्याय तर होताच, पण पद्धत म्हणूनही ती फसणारीच होती.

मराठीत या विषयावर उघड बोलले ते र. धों. कर्वे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर लिहिलं. रोग हा रोग आहे, पापाची शिक्षा नाही, ही त्यांची भूमिका. त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

औषधं मात्र वेगाने बदलली. 1930 च्या दशकाच्या शेवटी सल्फा आलं, 1940 च्या दशकात पेनिसिलीन. 1955 मध्ये पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीन बनू लागलं. जखडणारे गुडघे वाचू लागले. पण जिवाणू शिकतच होता. 1976 मध्ये पेनिसिलीन तोडणारे वाण सापडले. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे, आणि त्यालाही दाद न देणारे वाण जगात दिसू लागलेत.

एक अडचण अजून तशीच आहे. सांध्यातलं पाणी काढून वाढवलं तरी निम्म्याहून कमी वेळा त्यात हा जिवाणू उगवतो. म्हणून मूत्रमार्ग, गर्भाशयाचं तोंड, घसा इथलेही नमुने घ्यावे लागतात, आणि त्यासाठी पेशंटने खरं सांगावं लागतं. तो खरं सांगेल का, हे समोरचा डॉक्टर कसं विचारतो यावर ठरतं. सुजलेला गुडघा दाखवायला कुणालाच लाज वाटत नाही. पुढच्या दोन प्रश्नांची वाटते. सांधा वाचतो की जातो, ते बऱ्याचदा त्या दोन प्रश्नांतच ठरतं.